इंदिरानगरातली दोन अंजिरं: एकाला तांबेरा, दुसऱ्याची फळं गळतात

माईंची_सून | १४ जुलै २०२४, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतेय, विभाग चुकला असेल तर हलवा.

आमच्या नाशिकमधल्या इंदिरानगरच्या घरामागे बारा-पंधरा फुटांची मोकळी पट्टी आहे. तिथे अंजिराची दोन झाडं आहेत. पहिलं पाच वर्षांपूर्वी मखमलाबाद रस्त्यावरच्या एका नर्सरीतून आणलं, "पुणे अंजीर आहे, घेऊन जा" म्हणून दिलेलं. दुसरं माईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं. दिवाळीच्या सुक्यामेव्यातल्या अंजिराच्या बिया त्यांनी कुंडीत टाकल्या, त्यातलं एक रोप वाचलं. आज ते पहिल्यापेक्षा उंच आहे आणि माईंचा सगळा जीव त्यात आहे.

तक्रार अशी. पहिल्याला पावसाळ्यात फळं भरपूर लागतात, आणि नेमकी त्याच सुमारास पानं खालून तपकिरी होऊन धपाधप गळायला लागतात. गणपतीपर्यंत झाड बोडकं. फळं राहतात, पण पाणचट, काकडी खाल्ल्यासारखी. दुसऱ्याला दोन वर्षांपासून फळं धरतात, सुपारीएवढी होतात, पिवळी पडतात आणि गळतात. आजवर एक पिकलेलं नाही. माई रोज सकाळी गळालेली फळं गोळा करून मागच्या ओट्यावर रांगेत मांडतात. आज अकरा होती.

नवऱ्याचं म्हणणं, दोन्ही काढून तिथे गाडी लावू. त्याआधी काही होण्यासारखं असेल तर सांगा.

तिखट_मिसळ | १४ जुलै, रात्री ११:०२

ज्या गावात गाडी लावण्यावरून भांडणं होतात तिथे नवरोबांचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही ;)
बाकी मला अंजीर फक्त बर्फीतलं कळतं. वाचतोय.

सासवडकर | १५ जुलै, सकाळी ६:५०

ताई, पहिल्या झाडाचं आधी सांगतो, ते सोपं आहे. एक पान उलटं करा आणि अंगठा फिरवा. विटकरी पूड अंगठ्याला लागली तर तांबेरा. ही बुरशी पानाच्या पाठीवर बसते, त्यामुळे वरून बघणाऱ्याला पान पिवळं पडेपर्यंत पत्ता लागत नाही. दमट हवा आणि ओलं पान एवढंच तिला लागतं. तुमची पट्टी घर आणि कंपाउंडच्या मध्ये असेल तर वारा फिरत नसणार, म्हणजे मग विचारायलाच नको.

आता चव. पान म्हणजे झाडाची चूल. चूलच विझली तर फळात साखर येणार कुठून? त्यात आभाळ आलेलं, मुळाशी पाणी साचलेलं. पावसाळ्यात पिकणारं फळ असंच निघतं. आमच्या पुरंदरात दोन बहार, म्हणजे फळांचे हंगाम, धरतात: पावसाळी खट्टा आणि उन्हाळी मीठा. नावातच सगळं आलं. खट्टा बहार आमचे शेतकरी धरतात कारण त्या दिवसांत बाजारात माल कमी असतो, पैसे होतात. पण त्यासाठी फवारण्या कराव्या लागतात, माणूस बागेत रोज लागतो. घरच्या झाडावर पावसाळी फळाच्या मागे लागूच नये, हे माझं स्पष्ट मत. आत्ता लागलेली फळं खुडून टाका, झाड मोकळं करा. मीठा बहार धरा. पाऊस उघडला की पाणी तोडायचं, मग छाटणी, मग खत-पाणी. फळ उन्हाळ्याच्या तोंडाला येतं आणि तेव्हा पान निरोगी असतं.

दुसऱ्या झाडाचं जाणकारांनी सांगावं. बियांवरचं अंजीर आमच्याकडे कुणी लावत नाही.

सेंद्रिय_सखी | १५ जुलै, सकाळी ९:१५

तांबेऱ्यावर आंबट ताक फवारा. दहा लिटर पाण्यात एक लिटर. रासायनिक काही मारू नका, खायचं झाड आहे.

सासवडकर | १५ जुलै, दुपारी १:२०

सखीताई, ताकानं भुरी थोडी हटते हे मान्य. तांबेरा ताकानं गेलेला मी पस्तीस वर्षांत पाहिलेला नाही. गेला असेल तर झाडानंच सगळी पानं टाकली म्हणून गेला असेल.

द्राक्षबागवाला | १५ जुलै, रात्री ९:३०

पिंपळगाव बसवंतकडचा आहे. आठ एकर द्राक्ष, आणि बांधावर अंजिराची चार झाडं घरच्यांसाठी.

ताई, तुम्ही नाशिकच्या, तुम्हाला हे एका वाक्यात कळेल. अंजिराला द्राक्षासारखं वागवा. आपण वेलीला वर्षातून दोनदा छाटतो, एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी. खरडीला माल नाही धरत, फक्त काडी तयार करतो. पावसाळाभर काडी पिकू द्यायची, ऑक्टोबरात छाटायची, माल उन्हाच्या दिवसांत काढायचा. अंजिराची पावसाळी फळं म्हणजे खरडीवर आलेले घड समजा. कोण ठेवतं ते? काढूनच टाकतो ना आपण?

मी दसऱ्याच्या आसपास अंजीर छाटतो. मेलेल्या, आत घुसलेल्या, एकमेकीवर घासणाऱ्या फांद्या आधी काढायच्या. मग यंदा वाढलेल्या काडीचा शेंडा मारायचा, साधारण तिसरा हिस्सा. फळ नव्या फुटव्याच्या पानाच्या बगलेत येतं. फुटवे किती, त्यावर फळं किती. न छाटलेलं झाड नुसतं माजतं आणि शेंड्याला चार फळं देतं, ती पण पाखरांना.

फवारणी: बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक मिश्रण. सखीताईंनी रागावू नये, सेंद्रिय शेतीतही मर्यादेत चालतो. घरच्यासाठी एक लिटर पाण्याला १० ग्रॅम मोरचूद, १० ग्रॅम चुना. मोरचूद अर्ध्या लिटरमध्ये वेगळं विरघळवायचं, चुना उरलेल्या अर्ध्यात वेगळा कालवायचा, मग दोन्ही एकत्र. भांडं प्लास्टिकचं. लोखंडाचं, पितळेचं नको. झालं की त्यात स्वच्छ लोखंडी खिळा मिनिटभर बुडवून बाहेर काढा. खिळ्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, पान करपेल. अजून चिमूट-चिमूट चुना टाकत जा, खिळा कोरा निघेपर्यंत. त्याच दिवशी वापरा, उद्यासाठी ठेवू नका. आणि फवारा पानाच्या पाठीवर, पोटावर नाही. पिकायला आलेल्या फळांवर मारायचा नाही.

गळालेलं पान मात्र रोज झाडून काढा. आळ्यात कुजत ठेवलं की पुढच्या साली तिथूनच परत चढतं.

माईंची_सून | १५ जुलै, रात्री ११:१०

अंगठा फिरवला. विटकरी पूड लागली :( 

पण खरडीवरचे घड हे वाचून नवरा एकदम जागा झाला, त्याचं आजोळ दिंडोरीचं. "हे मला आधी कुणी असं सांगितलं नाही" म्हणाला. पार्किंग तूर्तास स्थगित.

दुसऱ्या झाडाचं कुणी सांगेल का? आज नऊ.

पानफूल | १६ जुलै, सायंकाळी ७:४५

मी वनस्पतिशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त. तुमच्या माईंच्या झाडानं मला दिवसभर कामाला लावलं आहे.

मला दोन गोष्टी करून हव्या आहेत. एक, गळालेलं फळ मधोमध कापून आत काय दिसतं ते सांगा. दोन, माईंना विचारा की ती सुकी अंजिरं कशी होती: सुटी, की सुतळीत ओवलेली माळ?

माईंची_सून | १७ जुलै, सकाळी ८:२०

माळेतली होती. माईंना पक्कं आठवतं, कारण सुतळी त्यांनी तुळशीला वापरली.

फळ कापलं. बाहेरून हिरवट पिवळं, बोटांनी दाबलं तर पोकळ लागतं. आत पांढरट, मधे रिकामी जागा आणि भिंतीला कोरड्या केसांसारखं काहीतरी. गर नाही, रस नाही. वास पण नाही. बी म्हणावं असं काही दिसलं नाही. माईंनी माझ्या हातातून घेतलं, हुंगलं आणि म्हणाल्या, "उपाशी मेलंय गं हे."

पानफूल | १७ जुलै, दुपारी ४:३०

माईंचं निदान माझ्यापेक्षा सरस आहे.

नीट सांगते. अंजीर ज्याला आपण फळ म्हणतो तो खरं तर आत वळलेला फुलोरा. ते कोरडे केस म्हणजे फुलं. आपण "उंबराचं फूल" म्हणतो ना दुर्मीळ गोष्टीला, ते फूल उंबरातच असतं, शेकड्यांनी असतं, पण आत. वड, पिंपळ, उंबर, अंजीर सगळी एकाच कुळातली, एकाच प्रजातीची (जीनस फायकस) भावंडं. पंचवटीतले पाच वड म्हणजे तुमच्या मागच्या अंगणातल्या झाडांचे काका.

आता या बंद फुलोऱ्यात परागकण न्यायचे कसे? त्यासाठी गांधीलमाशीच्या जातीतली एक इवलीशी माशी असते. फळाच्या टोकाला जो डोळा दिसतो त्यातून ती आत शिरते. "उंबर फोडून केंबरं काढणे" म्हणतात त्यातली केंबरं ती हीच मंडळी. पण उंबराची माशी उंबराचीच, अंजिराची वेगळी. एकीचं घर दुसरीला चालत नाही.

अंजिरात दोन तऱ्हा आहेत. एक तऱ्हा परागीभवनाशिवाय फळ पिकवते. पुणे अंजीर त्यातलं, म्हणून पुरंदरात माशी नसतानाही टोपल्या भरतात. दुसरी तऱ्हा, जिला स्मर्ना म्हणतात, तिला माशी हवीच. माशी आली नाही तर फळ सुपारीएवढं होतं, वाट बघतं आणि गळतं. सुका अंजीर बऱ्याच वेळा या दुसऱ्या तऱ्हेचा असतो, कारण परागीभवन झालेल्या बियांमुळे त्याला तो खरपूस, दाणेदार स्वाद येतो. माळेचं मी त्यासाठीच विचारलं.

आणि गंमत बघा. पुणे अंजिराच्या बिया पेरल्या असत्या तर उगवल्याच नसत्या, त्या पोकळ असतात. माईंच्या कुंडीत रोप उगवलं याचा अर्थच असा की त्या बीच्या आईला माशी भेटली होती. झाड उगवणं आणि फळ गळणं यांचं कारण एकच आहे. त्यात बियांवरच्या रोपांपैकी साधारण निम्मी तर नर झाडं निघतात, त्यांचं फळ एरवीही खाण्याजोगं नसतं. तुमचं कुठलं ते मी फोटोशिवाय सांगणार नाही. पण कुठलंही असलं तरी माईंनी कितीही पाणी घातलं, कितीही खत घातलं, तरी या झाडाचं फळ पिकेल असं मला वाटत नाही.

१८८० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बागायतदारांनी तुर्कस्तानातून स्मर्नाच्या काड्या नेऊन बागा लावल्या होत्या. झाडं जोमदार, फळं सगळी जमिनीवर. तुर्कांनी आपल्याला फसवून भलत्याच काड्या दिल्या, असंही लोकांना वाटलं होतं. शेवटी १८९९ साली ती माशी तिथे रुजली तेव्हा अंजीर पिकू लागलं.

तिखट_मिसळ | १७ जुलै, सायंकाळी ५:०५

थांबा थांबा. म्हणजे अंजिरात माशी असते?? मी आयुष्यभर चतुर्थीला अंजीर बर्फी खाल्ली आहे.

पानफूल | १७ जुलै, सायंकाळी ५:४०

आपल्याकडच्या ताज्या अंजिरात नाही. स्मर्नासारख्या अंजिरात मादी आत जाते ती तिथेच मरते, आणि फळातला विकर (एन्झाइम) तिला विरघळवून टाकतो. तुमच्या दाताखाली येतं ते बी.

अहिंसक_आहार | १७ जुलै, रात्री ८:१०

म्हणूनच जैन आचारात पाच उदुंबर फळं वर्ज्य सांगितली आहेत. आमच्या घरात अंजीर येत नाही. हे आजचं विज्ञान सांगायच्या कितीतरी आधीपासूनचं आहे.

(यानंतरचे १९ प्रतिसाद 'अंजीर शाकाहारी आहे का' या वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. कृपया तिथे भांडावे. – संपादक मंडळ)

माईंची_सून | १८ जुलै, सकाळी ७:३०

पानफूलताई, माईंना वाचून दाखवलं. सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे झाडाची काही चूक नाही." आणि गेल्या मागच्या दारी पाणी घालायला. आता यापुढे काय बोलणार मी.

द्राक्षबागवाला | १८ जुलै, रात्री ९:५०

झाड तोडू नका. मूळ चांगलं दणकट असेल तर त्याच्यावर पुणे अंजिराचं कलम करा. आपण डॉगरिज या रानद्राक्षाच्या खुंटावर द्राक्ष भरतोच की. खाली एक, वर दुसरं. ऑक्टोबरात पहिलं झाड छाटाल तेव्हा त्याच काड्या याच्यावर भरता येतील. पाचर कलम. मी गंगापूर रोडला मुलीकडे येतो अधूनमधून, जमलं तर करून देतो. अंजिराच्या कलमात एकच कटकट, चीक. काप घेतला की पांढरा चीक वाहतो आणि काडी नीट बसू देत नाही. तो थांबेपर्यंत ओल्या फडक्यानं टिपत बसायचं. घाई केली की कलम गेलंच.

गच्ची_चौथा_मजला | २१ जुलै, दुपारी १२:००

ज्यांना अंगण नाही त्यांच्यासाठी माझे चार पैसे. पाथर्डी फाट्याला फ्लॅट, गच्चीवर अंजीर. निळा दोनशे लिटरचा ड्रम आडवा अर्धा कापला, बुडाला आठ भोकं. कुंडीत अंजीर उलट लवकर फळतं, मूळ कोंडलं की झाडाला माज करायला जागा राहत नाही. माती, शेणखत आणि जाड वाळू, सारखी-सारखी. आपली काळी माती एकटी भरू नका, पावसात चिखल आणि मे महिन्यात वीट. अंजिराला चुनखडीची, निचऱ्याची जमीन आवडते, म्हणून मी मूठभर चुना टाकतो. एप्रिल-मेमध्ये रोज पाणी. एक दिवस विसरलात आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट घातलंत की फळ तडकलं म्हणून समजा. दर तीन वर्षांनी ड्रममधून काढून कडेच्या मुळ्या करवतीनं छाटतो.

आणि ओला ड्रम दीडशे किलोच्या आसपास जातो. तुळईवर ठेवा, स्लॅबच्या मधोमध नको. हे मला खालच्या मजल्यावरच्या काकांनी ओरडून शिकवलं.

पंचवटीचे_आजोबा | २४ जुलै, पहाटे ५:१५

जमिनीत लावणाऱ्यांनीही ऐका. भूमिगत टाकी, ड्रेनेजचे चेंबर यांच्यापासून दहा-बारा फूट लांब. वडाएवढी नसली तरी मुळं त्याच वळणाची. आमच्या जुन्या वाड्यात मोरीच्या सांडपाण्यावर एक अंजीर वाढलं होतं. फळं अशी गोड की शेजारी वाटी घेऊन यायचे. मग मोरी तुंबली. फोडली तेव्हा नळीत मुळांची वेणी निघाली, हातभर लांब.

माईंची_सून | १४ ऑक्टोबर २०२४, रात्री ९:००

मंडळी, धागा वर आणतेय. पावसाळ्यात तीन वेळा बोर्डो मारला. खिळ्याची परीक्षा दोनदा नापास झाली, तिसऱ्यांदा जमली. पानं या वर्षीही गळाली, पण निम्मीच. पावसाळी फळं खुडली, माईंनी त्या दिवशी माझ्याशी अबोला धरला. पाऊस गेल्यावर अडीच आठवडे पाणी बंद ठेवलं.

काल, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, छाटणी केली. द्राक्षबागवाले दादा स्वतः आले, पोह्यांवर समाधान मानलं. पहिलं झाड छाटून झाल्यावर माईंच्या झाडाकडे वळले, तशा माई झाडासमोर उभ्या. खोड कापू देणार नाही. दादांनी अर्धा तास समजावलं. शेवटी तह झाला: कंपाउंडकडची एकच फांदी कापायची, तिचे तीन फाटे, तिन्हीवर कलम. बाकी झाड माईंचं. पेन्सिलीएवढ्या काड्या, प्रत्येकीवर तीन डोळे (कोंब फुटायच्या जागा), दोन बाजूंनी पाचरीसारखं तासलेलं टोक, फाट्यात चीर पाडून सालीला साल जुळवून बसवलं, प्लास्टिकची पट्टी गच्च आवळली, वर पारदर्शक पिशवी. चीक टिपायचं काम माईंकडे होतं. पदरानं टिपला! आता त्या पातळावर काळे डाग पडलेत, ते जात नाहीत.

पहिल्याच्या आळ्यात तीन पाट्या शेणखत, किलोभर निंबोळी पेंड, आणि पाणी सुरू.

सासवडकर | १४ ऑक्टोबर, रात्री ९:४०

छान. यंदा जे डोळे झोपलेले राहतील त्यांच्यासाठी पुढच्या जुलैत एक करा. जाड काडीवर डोळ्याच्या लगेच वर सालीची आडवी खाच काढायची, इंचभर लांब, अर्ध्या बोटाएवढी रुंद. डोळा जागा होतो आणि तिथून फुटवा निघतो. उघड्या-बोडक्या लांब फांद्या अशाच भरून काढायच्या.

माईंची_सून | १६ ऑक्टोबर, सकाळी १०:३०

तातडीनं मदत हवी. छाटलेल्या फांद्या नवऱ्यानं अर्ध्या बाह्यांच्या शर्टात, भर उन्हात उचलून गेटबाहेर नेल्या. काल संध्याकाळपासून हाताला भाजल्यासारखे लाल पट्टे, आज फोड आलेत. किडा चावला म्हणून एका ठिकाणी मलम देऊन परत पाठवलं, झाडाचं सांगितलं तर हसले.

त्वचेची_डॉक्टर | १६ ऑक्टोबर, सकाळी ११:०५

किडा नाही. अंजिराच्या चिकात आणि पानांत काही द्रव्यं असतात, ती कातडीवर लागली आणि वर ऊन पडलं की भाजतं. लगेच दुखत नाही, दीड-दोन दिवसांनी फोड येतात, त्यामुळे लोकांना संबंध लक्षात येत नाही. फोड फोडू नका, गार पाण्याच्या पट्ट्या, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, ऊन कडक टाळा. फोड मोठे असतील, ताप आला किंवा डोळ्याजवळ लागलं असेल तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जा, आणि "अंजिराचा चीक आणि ऊन" हे शब्द वापरून सांगा. तपकिरी डाग काही आठवडे, कधी महिने राहतील, पण जातात.

इतरांसाठी: छाटणी संध्याकाळी, हातमोजे, लांब बाह्या, नंतर साबणानं हात. मुलांना या पानांशी खेळू देऊ नका.

द्राक्षबागवाला | १६ ऑक्टोबर, दुपारी २:००

चूक माझी, सांगायला पाहिजे होतं. आम्ही सकाळी सहाला छाटतो आणि अंगावर बाह्या असतातच, त्यामुळं डोक्यात आलं नाही. भाऊंना सांगा, डाग गेला की पिंपळगावला जेवायला या.

माईंची_सून | १९ जानेवारी २०२५, दुपारी ३:२०

नवऱ्याचे डाग गेले. पहिल्या झाडावर फुटवे छान आले, पानं तळहाताहून मोठी, एकावरही पूड नाही. प्रत्येक पानाच्या बगलेत एकेक हिरवा मणी. थंडीत मात्र सगळं थांबल्यासारखं झालंय, तीन आठवड्यांत मणी जराही वाढला नाही.

तीन कलमांपैकी दोन वाळली. तिसऱ्याला दोन पानं.

सासवडकर | १९ जानेवारी, सायंकाळी ६:००

थंडीत असंच. संक्रांतीनंतर ऊन तापलं की हालचाल दिसेल. पाणी नेमानं, पण बेताचं.

पंचवटीचे_आजोबा | ३ मार्च २०२५, पहाटे ५:४०

फळांना रंग चढायला लागला असेल तर एक जुनी युक्ती. कापूस तेलात बुडवून फळाच्या डोळ्यावर एक थेंब टेकवायचा, बस. पाच-सहा दिवस आधी पिकतं. सगळ्यांना नाही लावायचं, रोज थोड्यांना, म्हणजे एकदम ढीग होत नाही. हिरव्या फळाला लावलं तर काही उपयोग नाही.

माईंची_सून | ३० मार्च २०२५, रात्री ८:१५

पाडव्याच्या शुभेच्छा!

पहिलं पिकलेलं फळ १७ मार्चला बुलबुलानं खाल्लं, दुसरं आम्ही. तेव्हापासून प्रत्येक फळाला मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी. माईंनी जुन्या मच्छरदाणीतून साठ शिवल्या, नाडीसकट.

कधी तोडायचं हे शिकायला आठवडा गेला. रंग आला म्हणून आधी तोडलेली चार फळं ठेवून ठेवून मऊ झाली, गोड झाली नाहीत. अंजीर झाडावरून उतरवलं की पुढे पिकत नाही. आता मान बघतो. देठाशी मान वाकली, फळ खाली लोंबलं, सालीवर बारीक चिरा आल्या आणि डोळ्यात मधाचा थेंब दिसला, की तेच. बोट लावलं तर हातात येतं. सकाळी साडेसहाला, गार असताना. दुपारपर्यंत ठेवलेलं चालतं, दुसऱ्या दिवशीचं नाही. बाजारातलं अंजीर असं का लागत नाही ते आता कळलं, असं पिकलेलं फळ टेम्पोत बसूच शकणार नाही.

आजपर्यंत त्र्याऐंशी. आज श्रीखंडाच्या शेजारी नैवेद्याला पाच ठेवली.

सेंद्रिय_सखी | ३१ मार्च, सकाळी ९:००

अभिनंदन! (बोर्डोबद्दल माझं मत तेच आहे.) जास्त झाली तर जॅम करा. पण लिंबू विसरू नका, अंजिरात आंबटपणा जवळपास नाहीच, लिंबाशिवाय जॅम नीट धरतही नाही आणि टिकतही नाही. मी किलोला दोन लिंबं आणि अर्धा किलोच्या आत साखर घालते. सालीसकट शिजवायचं, तळाला लागतं, हलवत राहायचं.

गच्ची_चौथा_मजला | ३१ मार्च, दुपारी १:३०

सुकवायला बसू नका, मी बसलो होतो. पुणे अंजिरात पाणी फार. पाच किलो वाळवून किलोभरही धड मिळालं नाही, आणि जे मिळालं ते चामड्यासारखं. सुकवायला डायनासारखे वाण लावतात. हे खायचं ताजंच.

पण पानं वापरा. ताजं पान धुऊन तव्यावर गरम केलं की ओल्या खोबऱ्यासारखा वास येतो. मी केळीच्या पानाऐवजी यात पानगी करतो. तांदळाचं पीठ, दूध, गूळ. पान खायचं नाही, सोलून टाकायचं. घरच्यांना नारळ घातला नाही हे पटत नाही.

तिखट_मिसळ | ३१ मार्च, रात्री १०:१५

माझ्या वडिलांना साखर आहे, कुणीतरी सांगितलं की अंजीर कितीही खा, नैसर्गिक गोड आहे. खरं का?

त्वचेची_डॉक्टर | १ एप्रिल, सकाळी ८:००

माझा विषय नाही, पण एवढं सांगते: सुक्या अंजिरात वजनाच्या जवळपास निम्मी साखर असते. ताज्यात पाणी जास्त म्हणून कमी. चोथा चांगला असतो, पण "कितीही" हा शब्द मधुमेहात कशालाच लावू नये. त्यांच्या डॉक्टरांना विचारून मोजून द्या.

माईंची_सून | १३ एप्रिल २०२५, रात्री ९:३०

पानगी केली. खरंच खोबरं!

झाडावर आता वीसेक फळं उरलीत. दादा सांगतात तसं यापुढे आलेली खुडत जाणार. माईंच्या झाडावर फळगळ पुन्हा सुरू झाली आहे, ओट्यावर आज सात होती. पण कलमाच्या फांदीवर वीतभर फुटवा आहे आणि चौथ्या पानाच्या बगलेत एक हिरवा मणी. दादा म्हणाले पहिल्या वर्षी खुडून टाका, काडी होऊ द्या. माईंना अजून सांगितलेलं नाही. त्यांनी त्या मण्याला आत्ताच पिशवी बांधली आहे.

छाटणीच्या काड्यांतल्या मी सहा लावल्या होत्या, चार जगल्या. एक आम्हाला, एक आजोबांनी आधीच सांगून ठेवली आहे. दोन उरतात. कुणाला हव्यात?

तिखट_मिसळ | १३ एप्रिल, रात्री ९:३४

मला एक! बुधवारी बाजाराला गंगेवर (गोदाघाटावर) येणार आहे, तिथे मिळेल का?

माईंची_सून | १३ एप्रिल, रात्री ९:५०

मिळेल. सकाळी साडेआठला, गौरी पटांगणाच्या बाजूला. येताना जुनी कुंडी घेऊन या, माई कुंडी परत मागतात.